मुंबईत राहून, नोकरी सांभाळून ग्लायडर शिकता येतं का?

तुमचा प्रश्न मोठा होता म्हणून मला काय समजलं ते आधी सांगतो. वय ३६, घर डोंबिवलीला, ऑफिस विक्रोळीला, चष्मा आहे. इंजिनाचं विमान शिकण्याइतके पैसे नाहीत आणि पायलटची नोकरीही करायची नाही, निव्वळ हौस. दर शनिवार-रविवार पुण्याला जाऊन ग्लायडर, म्हणजे बिनइंजिनाचं विमान, शिकलो तर एकट्याने उडवायला किती महिने लागतील, खर्च किती, जिवाला धोका किती, आणि घरचे म्हणतायत त्याप्रमाणे कामशेतला पॅराग्लायडिंग केलेलं बरं का, जवळ तरी पडेल.

मी मुलुंडला राहतो, बरीच वर्षं ग्लायडर उडवतोय आणि शिकवतोही. तुमच्यासारखे पहाटेची इंद्रायणी नाहीतर दादरहून शिवनेरी पकडून येणारे पुष्कळ विद्यार्थी बघितलेत. त्यावरून सांगतो, वय, चष्मा, पैसा, धोका यातलं काहीच तुमची खरी अडचण नाही. खरी अडचण आहे दोन उड्डाणांमधला खंड. मुंबईचा माणूस ग्लायडर सोडतो तो घाबरून नाही सोडत, तो सोडतो कारण तिसऱ्या महिन्यातही तो तिथेच असतो जिथे दुसऱ्या महिन्यात होता. एक शनिवार ऑफिसचं रिलीज, पुढचा शनिवार मेव्हण्याचं लग्न, त्याच्या पुढचा वारा आडवा म्हणून मैदान बंद, आणि मग तो येतो तेव्हा पहिले पाढे पंचावन्न. इन्स्ट्रक्टरला पण कळतं, त्यालाही कळतं, आणि चौथ्या वेळी तो येतच नाही.

हे असं का होतं ते नीट समजून घ्या, कारण यावरच पुढचा सगळा हिशोब आहे. आपल्याकडे शिकणं विंचवर होतं. मैदानाच्या एका टोकाला विंच, म्हणजे मोठं इंजिन आणि ड्रम, दुसऱ्या टोकाला ग्लायडर, मध्ये किलोमीटरभर केबल. पतंगाला ढील न देता मांजा जोरात ओढला की तो जसा सरळ वर चढतो तसंच ग्लायडर चढतं, नाक आभाळाकडे, पाठ सीटला टेकलेली, समोर जमीन दिसतच नाही. पाऊण मिनिटात तुम्ही साधारण ३०० मीटरवर असता, वारा समोरून चांगला असला तर आणखी थोडं वर. मग पिवळा नॉब दोनदा ओढायचा, केबल सुटते, आणि एकदम शांतता.

आता गणित करा. दोन सीटचं ट्रेनिंग ग्लायडर, समजा ब्लानिक, शांत हवेत सेकंदाला पाऊण-एक मीटर खाली येत असतं. ३०० मीटर म्हणजे पाच-सहा मिनिटं. त्या पाच-सहा मिनिटांत एक-दोन वळणं, मग सर्किट, म्हणजे उतरण्याआधी मैदानाच्या कडेने घ्यायचा ठरलेला फेरा, मग लँडिंग. शिकायला हातात आलं काय, तर एक लाँच, दोन-चार वळणं आणि एक लँडिंग. दिवसभरात मैदानावर गर्दी किती, ग्लायडर किती, विंच नीट चालतेय का यावर तुम्हाला तीन लाँच मिळतील नाहीतर सहा. म्हणजे सकाळी पावणेसहाला सीएसएमटीहून निघून रात्री दहाला घरी आलेला माणूस प्रत्यक्ष हवेत अर्धा तास असतो. तोही चांगल्या दिवशी.

पहिल्यांदा ऐकणाऱ्याला हे फार वाईट वाटतं, पण खरी गोष्ट वेगळी आहे. ही पाच मिनिटं इतकी दाट असतात की लागोपाठ चार लाँच मिळाले तर चौथ्याला हाताला वळण लागलेलं दिसतं, पाय आपोआप चालतो. आणि तेच चार लाँच चार महिन्यांत वाटून दिले तर काहीच शिल्लक राहत नाही. एकूण लाँच तेवढेच, पैसे तेवढेच, निकाल शून्य. म्हणून "किती महिने" हा प्रश्न मी खोडून टाकतो. शून्यापासून सुरू केलेल्या माणसाला विंचवर सोलोला, म्हणजे पहिल्यांदा एकट्याने उडवायला, साधारण ५० ते ८० लाँच लागतात असं धरा. वय कमी आणि सराव सलग असेल तर कमी, चाळिशीकडे झुकलेलं वय आणि तुकड्यातुकड्यांत सराव असेल तर जास्त. ते लाँच तुम्ही तीन-चार महिन्यांत बसवले तर सोलो होतो. दोन वर्षांत पसरवले तर ८० चे १५० होतात आणि तरी इन्स्ट्रक्टर मागच्या सीटवरून उतरायला तयार नसतो.

मग करायचं काय? माझ्या मते शनिवार-रविवारचा नाद सोडा आणि रजेचं नियोजन करा. वर्षाच्या रजा एकत्र करून दोन मोठे तुकडे घ्या, आठ-दहा दिवसांचे, पुण्यात नातेवाईकाकडे किंवा हडपसरच्या आसपास एखाद्या साध्या लॉजवर रहा, आणि मैदान चालू असेल तो प्रत्येक दिवस मैदानावर काढा. मधल्या महिन्यांत एखादा रविवार जमला तर फक्त हात गरम ठेवायला. ठाण्याचा एक जण असाच शिकला, बँकेत होता, बँकेच्या सुट्ट्या आणि रजा जोडून जोडून त्याने जमवलं, आणि त्याच्याबरोबर सुरू केलेले दर रविवारवाले त्याच्या सोलोला टाळ्या वाजवायला उभे होते.

मैदान कुठलं, तर महाराष्ट्रात नाव एकच, पुण्याचं हडपसरचं ग्लायडिंग सेंटर. ते केंद्र सरकारच्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचं, म्हणजे डीजीसीएचं आहे. सरकारी असल्याने दर इतर विमानप्रशिक्षणाच्या मानाने फार कमी असतात, आणि सरकारी असल्यानेच कधी चालू, कधी देखभालीसाठी बंद, कधी इन्स्ट्रक्टरची जागा रिकामी, असंही होऊ शकतं. तिकीट काढायच्या आधी फोन करा, आणि "चालू आहे का" एवढंच विचारू नका, "नवीन विद्यार्थ्यांना ड्युअल लाँच देताय का, आठवड्यातले कुठले वार, सध्या किती विद्यार्थी आहेत" हे विचारा. ड्युअल म्हणजे मागे इन्स्ट्रक्टर बसलेला. नुसतं जॉयराइड चालू असणं आणि शिकवणं चालू असणं यात फार फरक आहे.

जुहूला का नाही, हे तुम्ही विचारलंय, आणि हे मला सगळेच विचारतात. जुहूचा मान मोठा, १५ ऑक्टोबर १९३२ ला जेआरडी टाटा कराचीहून टपाल घेऊन तिथेच उतरले. पण आज जुहूच्या डोक्यावरून सांताक्रूझची विमानं जातात, पलीकडे आता नवी मुंबईचा विमानतळ, एवढ्या गर्दीत बिनइंजिनाचं, उतरताना परत वर उचलता न येणारं ग्लायडर कोणी सोडणार नाही. इंजिनाच्या विमानांचं शिक्षणसुद्धा मुंबईच्या क्लबने धुळ्याला हलवलं, यावरून काय ते समजा. पण समजा हवाई हद्द मोकळी असती, तरी मुंबई ग्लायडिंगला वाईटच. कारण समुद्र.

याचं एक सोपं गणित आहे, मला ते फार आवडतं. जमिनीलगतचं तापमान आणि दवबिंदू यातला फरक घ्या, दर अंशाला १२५ मीटर धरा, ढगांच्या तळाची उंची अंदाजे मिळते, म्हणजे थर्मल, उन्हाने तापून वर चढणारी हवा, जास्तीत जास्त कुठवर जाईल ते. मुंबईत एप्रिलच्या दुपारी समजा तापमान ३३, दवबिंदू २५, फरक ८, म्हणजे तळ १००० मीटरवर. त्यातही अकरा वाजले की खारे वारे आत शिरतात, जमीन गार, थर्मल कापला जातो. आता घाट चढून पुण्याला या. तापमान ३८, दवबिंदू १०, फरक २८, तळ ३५०० मीटर. तीनशे मीटरवर केबल सोडून साडेतीन हजाराकडे बघायचं. म्हणूनच फेब्रुवारी ते मे ही आपल्याकडची थर्मलची खरी बहार, आणि म्हणूनच ज्याला मुंबईकर उकाडा म्हणून शिव्या देतो त्याच्यासाठी मी रजा राखून ठेवतो. दुपारी उशिरा मात्र पुण्यातही पश्चिमेचा गार वारा पोचतो आणि मघाशी घू घू वर जाणारी हवा एकदम मेल्यासारखी होते. पावसाळ्यात मैदान ओलं, ढग खाली, तेव्हा जवळजवळ सुट्टीच.

पण नवशिक्याने मे महिन्याच्या भर दुपारचा हट्ट धरू नये. हवा उकळत असते, ग्लायडर उड्या मारतं, तुम्हाला कळत नाही की नाक तुम्ही वर केलं की हवेने. पहिल्या पंधरा-वीस लाँचना डिसेंबर-जानेवारीची सकाळची शांत हवा सोन्यासारखी. म्हणून माझा सल्ला असतो की पहिला तुकडा डिसेंबर-जानेवारीत घ्या, दुसरा मार्चमध्ये. पहिल्यात हातपाय शिकतील, दुसऱ्यात सर्किट पक्कं होईल आणि जमलं तर पहिला थर्मल.

हातपाय म्हणजे काय ते सांगतो, कारण गाडी चांगली चालवणारे लोक इथेच अडकतात. ब्लानिकच्या पंखांची लांबी या टोकापासून त्या टोकापर्यंत १६.२ मीटर. स्टिक डावीकडे नेली की ग्लायडर डावीकडे कलतं, पण नाक आधी उजवीकडे जातं, कारण वर उचलला जाणारा लांब पंख जास्त ओढ धरतो. ते नाक पायाने, रडरने, त्याच क्षणी आणायचं असतं. काचेवर, म्हणजे कॅनॉपीवर, बोटभर लोकरीचा धागा चिकटवलेला असतो. लाखो रुपयांच्या विमानात सगळ्यात महत्त्वाचं यंत्र म्हणजे हा दोन पैशांचा धागा. तो मधोमध सरळ असला तर तुमचे हात आणि पाय एकमेकांशी बोलतायत. मोकळं टोक उजवीकडे गेलं तर डावा पाय, डावीकडे गेलं तर उजवा. ऐकायला दोन ओळी, पण पहिले कित्येक लाँच तो धागा घड्याळाच्या लंबकासारखा हलत असतो आणि मागून आवाज येत असतो, "पाय, पाय, अहो पाय!"

आणि हा धागा नुसता नीटनेटकेपणासाठी नाही. यावरून धोक्याच्या प्रश्नाकडे येतो, तो टाळणार नाही.

ग्लायडिंग सुरक्षित आहे का, तर "इंजिनच नाही, बंद पडायचं काय" हा विनोद मी करत नाही. धोका आहे, पण तो कुठे आहे हे नेमकं माहीत आहे, आणि जवळजवळ सगळा जमिनीजवळ आहे. पहिली जागा, शेवटचं वळण. उंची थोडी कमी पडलीय, धावपट्टी अजून वळायचीय, माणूस घाबरून जास्त कलायला बघत नाही आणि त्याऐवजी पायाने नाक ओढतो. आतला पंख मंदावतो, स्टॉल होतो, म्हणजे उचल धरेनासा होतो, ग्लायडर त्या बाजूला गिरकी घेतं. हेच हजार मीटरवर झालं तर आम्ही मुद्दाम करून दाखवतो, सोडवायला शिकवतो, हसतो. शंभर मीटरवर सोडवायला जागा नसते. म्हणून सर्किट आधीपासून उंच ठेवा, वेग राखा, वळण उंची हातात असताना पूर्ण करा, आणि धागा बघा.

दुसरी जागा, केबल तुटणं. तुटते, अगदी नियमाने तुटते, आणि मध्ये एक कमकुवत जोड मुद्दामच ठेवलेला असतो, जादा ताण आला तर तो तुटावा म्हणून. नाक ४० अंश वर, केबल गेली, वेग झपाट्याने उतरतो. त्या क्षणी करायचं एकच, स्टिक पुढे, नाक क्षितिजाच्या खाली, आणि वेग परत येईपर्यंत थांबायचं. ना एअरब्रेक उघडायचे ना वळायचं. वेगाचा काटा वर आला की मग बघायचं, समोर धावपट्टी शिल्लक आहे का, असेल तर सरळ उतरायचं, नसेल तर छोटं सर्किट. हे "थांबणं" शिकवायला सगळ्यात अवघड, विशेषतः मुंबईकरांना, आपल्याला लोकल सुटायच्या आत चढायची सवय. सोलोच्या आधी इन्स्ट्रक्टर तुम्हाला न सांगता केबल सोडतो, वेगवेगळ्या उंचीवर, आणि मागे हात बांधून बसल्यासारखा बसतो. तेव्हा तुम्ही काय करता त्यावर तुमचा सोलो ठरतो, तुमच्या लँडिंगच्या मऊपणावर नाही. मऊ लँडिंगचं कौतुक बघणाऱ्यांना असतं.

तिसरी जागा पुढे येते, क्रॉसकंट्रीला, म्हणजे मैदान सोडून लांब जायला लागलात की. थर्मल संपला, मैदान पोचत नाही, शेतात उतरायचं. आपल्याकडे मे महिन्यात रब्बी निघून गेलेली, शेतं मोकळी, त्या दृष्टीने बरं, पण वरून सपाट हिरवं दिसलं म्हणून ऊस निवडला तर तो पुरुषभर उंच असतो. नांगरटीच्या ढेकळांत चाक रुततं, बांध वरून दिसत नाही, आणि विहिरीच्या पंपाकडे जाणारी एकटी वीजतार तर अजिबात दिसत नाही. तार शोधायची नाही, खांब शोधायचे, हे वाक्य पाठ करून ठेवा. पण ही वेळ तुमच्यावर यायला अजून खूप अवकाश आहे.

जाता जाता, तुम्ही लिहिलंय की ग्लायडर शिकून प्रत्यक्षात उपयोग काय. हौसेला उपयोग लागत नाही खरं तर. पण २३ जुलै १९८३ ला एअर कॅनडाच्या बोइंग ७६७ चं इंधन हवेतच संपलं होतं, पौंड आणि किलोचा घोळ झाला होता, तेव्हा कॅप्टन रॉबर्ट पिअर्सननी ते गिमली नावाच्या जुन्या हवाई तळावर दोन्ही इंजिनं बंद असताना उतरवलं. उंची जास्त होती म्हणून त्यांनी साइडस्लिप केली, म्हणजे विमान तिरकं धरून हवेत घासत खाली आणलं. सगळे वाचले. पिअर्सन ग्लायडर पायलट होते. साइडस्लिप आम्ही तुम्हालाही शिकवणार, ७६७ तुमचं तुम्ही बघा.

आता वय आणि चष्मा, पटकन. विद्यार्थी परवान्याला १६ पूर्ण लागतात, ३६ ला कोणी विचारत नाही. चष्म्याने नजर सुधारत असेल तर अडचण येत नाही, रंग ओळखता आले पाहिजेत. डीजीसीएने मान्यता दिलेल्या डॉक्टरकडून तपासणी करावी लागते, आणि माझं ऐका, पैसे भरायच्या आधी ती करून घ्या, फिट येण्याचा इतिहास, हृदयाचं काही, किंवा कानाचा तोल जाण्याचा त्रास असेल तर आधी कळलेलं बरं. वजनाचं मात्र बघा. कॉकपिटमध्ये पट्टी लावलेली असते, सीटवर कमीत कमी आणि जास्तीत जास्त किती किलो. मोठ्या अंगाच्या माणसाला आणि शिडशिडीत मुलीला दोघांनाही ती पट्टी लागू होते, पहिल्याला वजन उतरवावं लागतं, दुसरीला सीटजवळ शिशाचं वजन ठेवून द्यावं लागतं. वजन लपवू नका, ते तुमच्या अब्रूचं नाही, ग्लायडरच्या तोलाचं आहे.

खर्चाचा आकडा मी देत नाही, दर बदलतात. पण रचना सांगतो. इंजिनाच्या विमानात तुम्ही तासाला पैसे देता, कारण इंधन आणि इंजिनाचं आयुष्य जळत असतं. विंचवर तुम्ही लाँचला देता, वर थर्मलमध्ये तासभर राहिलात तर विंचचं डिझेल काही जास्त जळत नाही. म्हणजे सुरुवातीला मिनिटाच्या हिशोबाने महाग वाटतं आणि थर्मल जमू लागला की एकदम स्वस्त. मुंबईच्या माणसाचा मोठा खर्च उड्डाणाचा नसतोच, तो प्रवास, राहणं, बुडालेली रजा आणि एक्सप्रेसवेचा टोल याचा असतो. हा खर्च लाँचच्या संख्येवर नाही, फेऱ्यांच्या संख्येवर चढतो. तर परत तिथेच आलो, फेऱ्या कमी करा, एका फेरीत लाँच जास्त घ्या.

पॅराग्लायडिंग. कामशेत चांगलं आहे, आणि घरचे म्हणतात ते अगदी चूक नाही. मुंबईहून दोन-अडीच तास, ऑक्टोबरपासून उन्हाळ्यापर्यंत सीझन, स्वतःची बॅग स्वतःच्या पाठीवर, कुणाच्या विंचची वाट बघायची नाही. वाऱ्याची समज, थर्मलची चाहूल, टेकडीवर आदळून वर जाणारी हवा, हे सगळं तिथे फार लवकर शिकायला मिळतं. पण तो वेगळा खेळ आहे. पॅराग्लायडर ताशी ३५-४० किलोमीटरने उडतो, एक किलोमीटर उंचीवरून आठ-दहा किलोमीटर पुढे जातो, तर ब्लानिक साधारण २८ आणि आजची मोठी स्पर्धेची ग्लायडरं ६० च्याही पुढे. कापडाला वारा चढला की घरी बसावं लागतं. ज्याला डोंगर चढणं आवडतं, एकटं राहणं आवडतं, त्याने कामशेत धरावं. ज्याला यंत्र आवडतं, काटे, चेकलिस्ट, चार माणसांत राबणं आवडतं, त्याने ग्लायडर.

हे चार माणसांत राबणं मी मुद्दाम लिहिलं. तुम्ही हवेत अर्धा तास आणि जमिनीवर आठ तास असणार आहात, तर तुम्हाला ते आठ तास आवडतायत का हा खरा कस. कुणाचं तरी ग्लायडर ढकलत परत आणायचं, पंख टोकाला धरून पळायचं, केबल जोडायची, सिग्नल द्यायचा, कोण किती वाजता उडालं ते वहीत लिहायचं, उन्हात उभं राहून लोकांची लँडिंग बघायची. लोक याला वेळ वाया जाणं समजतात आणि झाडाखाली मोबाइल काढून बसतात. दुसऱ्याची वीस लँडिंग लक्ष देऊन बघणारा आणि प्रत्येक वेळी मनात "आता हा उंच आहे, आता ब्रेक उघडेल" असं म्हणणारा विद्यार्थी चार-पाच लाँच फुकट कमावतो. शिवाय साधी माणसाची गोष्ट आहे, जो दिवसभर दुसऱ्यासाठी पळतो त्याला संध्याकाळी हवा शांत झाल्यावर कोणीतरी म्हणतंच, "चला, तुमचा एक अजून होऊ दे."

मधल्या महिन्यांत मुंबईत काय करायचं? कॉम्प्युटरवर कॉन्डर नावाचा ग्लायडिंगचा सिम्युलेटर आहे, तो घ्या, पण पायाच्या पेडलसकट घ्या, नाहीतर पाय झोपलेलेच राहतात. सर्किटचा क्रम, थर्मलमध्ये गोल फिरणं, यासाठी उत्तम. तोटा एक, पडद्यावर माणूस काट्यांकडे बघायला शिकतो, आणि इथे आम्हाला तुमची नजर बाहेर हवी. दुसरं, हवामान वाचायची सवय लावा. सांताक्रूझहून रोज पहाटे आणि संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास हवामान खात्याचा फुगा सुटतो, त्याचा तापमानाचा आलेख इंटरनेटवर मिळतो. कोरडी हवा वर जाताना दर किलोमीटरला जवळपास १० अंश थंड होते, ती रेघ त्या आलेखावर मनात ओढा आणि कुठे छेदते बघा, थर्मल कुठे थांबणार ते दिसेल. मग दुपारी ऑफिसच्या खिडकीतून खरं ठरतंय का तपासा. विक्रोळीहून देवनारच्या घारी दिसत असतील तुम्हाला, त्या कुठल्या वेळी पंख न हलवता चढायला लागतात आणि कुठल्या उंचीवर सोडून देतात ते नोंदवा. हडपसरला वर गेल्यावर तुम्ही याच घारींच्या मागे जाणार आहात, आणि त्या तुमच्या व्हेरिओपेक्षा, म्हणजे वर चढतोय की खाली येतोय ते दाखवणाऱ्या काट्यापेक्षा, आधी सांगतात.

थर्मलबद्दल एवढंच, पहिल्यांदा सापडेल तेव्हा एक पंख कुणीतरी खालून उचलल्यासारखा वाटेल. बहुतेक जण घाबरून उलट्या बाजूला जातात. उचललेल्या पंखाकडे वळायचं. ४०-४५ अंश कलून, ताशी ९० च्या आसपास, १६-१९ सेकंदांत एक चक्कर, त्रिज्या जेमतेम ६५-७५ मीटर. इतकं आवळून फिरलं तरच टिकतं, मोठं सैल वर्तुळ काढलंत की अर्धी चक्कर वर आणि अर्धी खाली.

परदेशाचं तुम्ही सहज विचारलंय, कंपनी जर्मनीला पाठवते म्हणून. तिथे ग्लायडिंग गावोगावी क्लबमध्ये चालतं, मुलं १४ व्या वर्षी सोलो होतात, आणि बऱ्याच ठिकाणी आठवड्याचे कोर्स असतात. उन्हाळ्यात महिनाभर तिकडे असाल तर एखाद्या क्लबला जरूर चिकटा, सलग सरावाचा यापेक्षा चांगला मोका नाही. तिकडचा परवाना इकडे आपोआप चालत नाही, पण लॉगबुक आणि हात तुमचेच राहतात. आणि मग कधी पुढे चढावंसं वाटलं तर सिल्व्हर बॅज आहे, ५० किलोमीटर अंतर, ५ तास हवेत, १००० मीटर उंची कमावणं. त्याच्या पुढे गोल्ड, डायमंड. टोक बघायचं तर २०१८ मध्ये पर्लान २ नावाचं ग्लायडर अर्जेंटिनात डोंगराच्या लहरींवर ७६,००० फुटांच्या वर गेलं. तुमचं पहिलं ध्येय मात्र धागा सरळ ठेवणं.

तर आत्ता करायचं असं, आधी मेडिकल, मग हडपसरला फोन, मग एकाच दिवसाची फेरी, फक्त एक जॉयराइड आणि उरलेला दिवस मैदानावर मदत. संध्याकाळी उन्हाने करपून, धुळीने भरून परत येताना "पुन्हा कधी" असं वाटलं तर ऑफिसात रजेचा अर्ज टाका. त्या दिवशी गोल टोपी आणा, पुढे झडप असलेली कॅप नको, ती वर बघू देत नाही आणि कॅनॉपीला लागते. पातळ तळव्याचे बूट, पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट, दोन लिटर पाणी. आणि पुण्यात उतरल्या उतरल्या कट मारलेली झणझणीत मिसळ खाऊन मैदानावर येऊ नका, गोल गोल फिरताना ती मागे बसलेल्या इन्स्ट्रक्टरलाही महागात पडते. मिसळ संध्याकाळी. रजेचे कुठले आठवडे मिळतायत ते कळवा, म्हणजे हवेच्या दृष्टीने त्यातला कुठला घ्यायचा ते सांगतो.